दोन खटके उघडा, मामा

मामींचा फोन आला तेव्हा मी लातूरला, क्लासच्या ऑफिसात सराव परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. "अगं, मामा गेले गं तुझे," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन शेजारच्या कुणीतरी घेतला. चहाचा कप हातात असतानाच हृदय बंद पडलं होतं. मी नांदेडच्या बसमध्ये चढले. वाटेत बराच वेळ मला रडूसुद्धा आलं नाही.

अशोकमामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पण मला ते आठवतात ते अर्धापूरच्या बाजूच्या माळावर, गुडघे टेकून, हाताएवढ्या पंखांच्या विमानासमोर. रिमोटवर उडणारी ही विमानं ते स्वतः बनवत. इंजन मुठीत मावेल एवढं, त्याला तेल म्हणून मिथेनॉल आणि एरंडेल लागायचं. त्या जळक्या एरंडेलाच्या वासामुळे मामी त्यांचे कपडे अंगणातच उतरवून घेत. सोबतीला असत सय्यद चाचा; ते निवृत्त मास्तर आणि मामांची टिंगल करणारे पहिल्या नंबरचे. मी लहानपणापासून सुट्टीत त्यांच्यामागे जायचे. बोलायचे काहीच नाही. "इंग्रजीत तरी बोल की माय," मामा चिडवायचे, "फी भरलीय तुझ्या बापानं."

इंजन सुरू होईना, तर मामा कधी चिडत नसत. आधी प्लग काढून बॅटरीला लावायचा. आतली तार लालभडक झाली की तेल पेटण्याचा प्रश्न मिटला. मग नळीतून तेल पुढे येतंय का ते बघायचं. शेवटी उरायची ती कार्बोरेटरची सुई. आत फिरवली की तेल कमी, बाहेर काढली की जास्त, आणि फिरताना तिचे बारीक खटके बोटाला लागायचे. ही सुई मामा कानांनी लावत. तेल जास्त असलं की इंजन घोगरं चालतं. सुई आत घेत गेलं की आवाज चढत चढत शिट्टीसारखा होतो. त्या शिट्टीच्या जरा अलीकडे थांबायचं, कारण हवेत गेल्यावर इंजनाला तेल आणखी कमी पडतं.

मागच्या हिवाळ्यात त्यांची विमानं हवेतच बंद पडायला लागली. एक तुरीत पडलं, एक केळीच्या बागेत. मामांनी प्लग बदलले, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर खोलून धुतला. "क्या साब," चाचा म्हणाले, "आज फिर केले तोडने भेजे थे क्या?" मामा हसले, पण घरी आल्यावर जेवताना म्हणाले, "बास झालं. देऊन टाकतो सगळं कुणाला तरी. माझ्यानं आता व्हईना." नंतर भांडी आवरताना मामी मला हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं त्या वासाला शिव्या दिल्या. आता बंद करतो म्हणले, तर मलाच कसंतरी हुतंय."

मला कारण दिसत होतं. मोबाईल शेजारी वाजत असला तरी मामा पेपर वाचत राहत. मामींनी हाक मारली की मात्र लगेच 'ओ' देत. बारीक, चढे आवाज त्यांच्या कानातून गेले होते. इंजनाची शिट्टी येऊन गेलेली असायची आणि ते तिची वाट बघत सुई आत घेत राहायचे... 'मामा, तुम्हाला ऐकू येत नाही' हे वाक्य मी मनात कितीदा तरी जुळवलं. इंग्रजीतही जुळवून पाहिलं.

मग एका रविवारी इंजन चालू असताना मी विमानामागे बसले आणि तेलाची नळी चिमटीत दाबली. ही परीक्षा त्यांनीच मला शिकवली होती. तेल भरपूर असेल, तर नळी दाबल्यावर इंजन आधी जोर धरतं आणि मग थांबतं; आधीच उपाशी असेल, तर जागीच मरतं.

ते जागीच मेलं.

"काय करून राहिली गं?" मामांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग इंजनाकडे.

"सुई लई आत गेलीय, मामा."

"शिट्टी तर आली न्हाई अजून."

"आली होती... मघाशीच."

चाचांनी मान दुसरीकडे वळवली. मामा हातातल्या फडक्याने उगाच पंख पुसत राहिले. "असं हाय का," ते म्हणाले. मग उठून त्यांनी इंजन पुन्हा सुरू केलं. "आता तू सांग. आन् वरडून सांग. तुझं पुटपुटणं मला ऐकू यायचं न्हाई."

मोठ्या माणसावर मी जन्मात कधी ओरडले नव्हते. "उघडा!" मी ओरडले. "दोन खटके उघडा, मामा!"

"अरे वा," चाचा म्हणाले, "बेटी को आवाज भी है!"

त्या दिवशी विमान टाकी रिकामी होईपर्यंत उडालं. मामांनी पुढे कानाचं यंत्र घेतलं, पण माळावर ते खिशातच असायचं. इंजनापुढे ते नुसतं किंचाळतं म्हणायचे. मला लातूरहून जाता आलं नाही की ते इंजनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवत. 'कशी आहेस' नाही, 'जेवलीस का' नाही, नुसतं इंजन. मी खोलीवर फोन कानाला लावून ऐकायचे आणि लिहायचे: एक खटका उघडा. किंवा: बरोबर आहे, उडवा.

ते आवाज फोनमध्ये आहेत. बरेच दिवस मी त्यांना हात लावला नाही. परवा एक लावला. इंजन घोगरं चाललं, चढलं, थांबलं. आवाज पाठवला असं समजून मामा रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते; तेव्हा इंजन थांबताच मी उत्तर लिहायला घेतलं असणार, पुढचं ऐकलंच नव्हतं. वारा, दूर कुठेतरी टिटवी, आणि मग चाचा: "चलो ना साब, उडाओ. धूप चढ री."

"थांब रे," मामा म्हणाले. "पोरीचं येऊ दे."

त्यानंतर नुसता वारा. माळावर दोघं माझ्या उत्तराची वाट बघत उभे आहेत.