शून्याचा ठराव

आमच्या सरांना "जेवलात का?" असं साधं विचारलं, तरी ते "समजा, जेवलो," अशीच सुरुवात करतात. आगरदांड्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर दिघीच्या एका मास्तरांबरोबर गणित मंडळ काढलं. सभासद हे दोघेच. एकमेकांच्या गावात पाऊल टाकायला दोघांनाही कमीपणा वाटतो, म्हणून सभा दर शनिवारी फेरीबोटीवर भरते. मास्तर दिघीहून बोटीने इकडे येतात, पण उतरत नाहीत. सर चढतात आणि दिघी येईपर्यंत दोघे भांडतात. विषय पहिल्या सभेपासून एकच आहे: शून्याला नैसर्गिक संख्या मानायचं की नाही? सर म्हणतात मानायचं, मास्तर म्हणतात छे! मतं एकास एक.

गेल्या शनिवारी मी नारळाची पोती घेऊन त्याच बोटीत होतो. मास्तरांची नजर माझ्यावर पडली.

"ह्याला सभासद करा. तिसरं मत पडू दे, एकदाचा निकाल लागू दे."

"हा माझ्याकडे नववीत दोनदा नापास झालाय," सर म्हणाले.

"मग तर निःपक्षपाती हाय!"

मी उभ्या उभ्या सभासद झालो. आपल्या सरांची लाज राखावी म्हणून त्यांच्या बाजूने हात वर करायला गेलो, तर सरांनीच तो धरून खाली ओढला.

"गाढवा," ते माझ्या कानात पुटपुटले, "समजा, आज मी जिंकलो. मग पुढच्या शनिवारी तो येईल कशाला?"