सेद्राकचा दगड

अरुस्याकच्या अंगणात, गोठ्याच्या भिंतीला टेकून, एक काळा दगड तीस वर्षं उभा होता. कोरलेली बाजू भिंतीकडे, कोरी बाजू आमच्याकडे. गाय त्याला मान घासायची, कोंबड्या त्याच्या सावलीत पहुडायच्या. उन्हाळ्यात कुणाची नातवंडं आली की त्यावर खडूने चित्रं काढायची. अरुस्याक काढू द्यायची. दगड फिरवून बघायला कुणी हात घातला की मात्र ओरडायची.

त्या बाजूला तिच्या मुलाचं नाव होतं. सेद्राक. नऊ वर्षांचा असताना तुतीच्या झाडावरून पडून गेला. दगड इथे होता आणि मुलगा नव्हता. मुलगा सीमेपलीकडे अझरबैजानात, आमच्या जुन्या गावात, अक्रोडाखालच्या मातीत होता.

हे कसं झालं ते सांगूनच टाकते. तरण्या लोकांना वाटतं, आम्ही म्हातारे रचून सांगतो.

आम्ही आर्मेनियन, पण इथले नाही. या गावात चाळिशीच्या पुढचं कुणीच इथलं नाही. आमचं गाव तिकडे डोंगरउतारावर होतं, द्राक्षांचं आणि तुतीचं. हे आर्मेनियातल्या लोरीच्या पठारावरचं गाव त्यांचं होतं, अझरी मुसलमानांचं. एकोणनव्वद साली दोन्हीकडे माणसं माणसांच्या जिवावर उठली होती. इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे रातोरात पळत होते, हाताला लागेल ते घेऊन. आमच्या आणि त्यांच्या म्हाताऱ्यांनी मात्र एकमेकांकडे जाऊन, चहा पिऊन, सगळ्या गावांचीच अदलाबदल केली. घराला घर, गोठ्याला गोठा. आणि कबरींना कबरी. तुमचे मेलेले आम्ही सांभाळू, आमचे तुम्ही सांभाळा. कागद कुणी केला नाही. प्रत्येकाने भाकरीचा तुकडा मिठात बुडवून खाल्ला आणि शब्द पक्का झाला.

अरुस्याकच्या घराची अदलाबदल बायराम नावाच्या माणसाशी ठरली. तो घर बघायला आला तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात होते. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, बाकूत शिकलेली, आणि भिंतीपलीकडची शेजारीण. बायराम टोपी हातात घेऊन भिंती ठोकून बघत होता.

"ताई, छत गळतं का?"

"नाही. तुझं?"

"उत्तरेच्या कोपऱ्यात गळतं. खोटं कशाला सांगू. भूकंपानंतर एक तडापण गेलाय."

"मग तुला चांगलं घर मिळतंय आणि मला गळकं."

"माझा गोठा मोठा आहे," तो म्हणाला. "तुमच्या या गोठ्यात गाय शिरली तर वळायची कशी? तिला मागे मागे चालायला शिकवलंय का?"

सेद्राक गेल्यापासून अरुस्याक पहिल्यांदा हसली. मग बायरामने टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, त्याची आई, सनम, आदल्या वर्षी गेली. वरच्या अंगाला, कुंपणाजवळ आहे. दगडावर फोटो आहे, ओळखू येईल. वर्षातून एकदा कुणी गवत काढलं तरी पुरे.

"माझ्याला दगड नाही," अरुस्याक म्हणाली. "नुसती माती आहे. अक्रोडाखाली, कडेला पांढरे गोटे लावलेत. तुला सापडेल?"

"आत्ता दाखव."

दोघं जाऊन आले. त्याने अक्रोडापासून पावलं मोजली, दोनदा.

आता दगड का नव्हता ते ऐका. आमच्यात थडग्यावर दगड वर्ष पुरं झाल्यावर उभा करतात. माती बसायला हवी, हे खरं कारण. बाकी म्हातारीकोतारी काय काय जोडतात. सेद्राक जूनमध्ये गेला, तुती पिकलेली असताना, आणि आमचे ट्रक पुढच्या मेमध्ये आले, वर्षाला महिना कमी. दगड तयार होऊन अंगणात पडला होता. अरुस्याक म्हणाली, जायच्या आधी उभा करू. तिची सासू दारात आडवी झाली.

"वर्षाच्या आत दगड रोवला तर घरातलं आणखी एक माणूस जातं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आई, आपण परत येणार नाही."

"कोण म्हणतं? हे असं दोन-चार महिने चालतं आणि शमतं. पुढच्या वर्षी येऊन रोवू. बरोबर घे दगड."

मी म्हटलं, "मावशी, दगडाला काय कळतं कॅलेंडर?"

"तू तुझ्या बाटल्या हलव," ती मला म्हणाली.

अरुस्याकचा नवरा अवाग आईपुढे तोंड उघडणारा नव्हता. त्याने दगड ट्रकात चढवला, गाद्यांमध्ये गुंडाळून. इथे आल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात, वीज नव्हती, सरपण नव्हतं, न्यूमोनियाने तो गेला. म्हणजे दगड न रोवताही माणूस गेलंच. सासूला हे कुणी बोलून दाखवलं नाही. अरुस्याकनेही नाही, आणि मला तिचा राग यायचा तो याचाच.

पठार हे आमच्यासारख्यांचं ठिकाणच नव्हे. आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून द्राक्षवेलीचे डोळे आणले होते. पहिल्याच थंडीत सगळे काळे पडले. मग बटाटे, कोबी आणि गायी. अरुस्याकचे हात वेली छाटणारे, ते दूध काढायला शिकले. बायरामचा गोठा मोठा होता हे खरं, आणि छतही सांगितल्याप्रमाणे उत्तरेच्या कोपऱ्यात गळायचं. पाऊस आला की ती पातेलं ठेवून म्हणायची, "बायराम खरं बोलणारा माणूस आहे." एवढ्यावर तिचा सगळा भरवसा होता. जो गळक्या छताबद्दल खोटं बोलला नाही, तो गोट्यांबद्दल कशाला बोलेल?

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापल्या मेलेल्यांकडे जातं, लाल अंडी आणि वोडका घेऊन. अरुस्याक आधी वरच्या, त्यांच्या जुन्या कबरस्तानात जायची. गवत उपटायची, सनमच्या फोटोवरची धूळ डोक्याच्या रुमालाने पुसायची आणि थर्मासमधून चहा ओतायची.

"वोडका नको," मला सांगायची. "त्यांच्यात चालत नाही. साखर दोन चमचे घातलीय."

"तिला साखरेचा आजार होता का ते विचारलंस का बायरामला?"

"तू गप्प बस."

सनमशी ती अझरीत बोलायची. तिला आपली भाषा कशी कळणार, म्हणायची. लहानपणी आम्हाला सगळ्यांना ती भाषा येत असे. आता गावात ती फक्त त्या कुंपणाजवळ ऐकू यायची, आणि तीही बहुतेक भांडणाच्या सुरात.

"तुझं सगळं स्वच्छ केलंय, बघ. तुझा मुलगा तिकडे आळस करत असेल तर त्याच्या स्वप्नात जा आणि कान पिळ. माझ्याला दगड नाही, सनम. तुझ्याकडे निदान फोटो आहे. माझ्या पोराच्या कडेचे गोटे कुणी भिंत बांधायला उचलले तर झालं."

पुढे सासूही गेली. सामायिक भट्टीवर भाकरी भाजायला बायका जमल्या की टोमणे व्हायचेच.

"काय गं अरुस्याक, सासूचं थडगं झाडलंस का?"

"कुठल्या सासूचं?"

"वरच्या. खरी सासू इकडे गवतात पडलीय."

"खरीला सांगितलंय मी," अरुस्याक म्हणायची, "वर्ष पुरं होऊ दे, मग बघू."

बायका हसायच्या. ती हसायची नाही.

तिची मुलगी ह्रानुश रशियात, क्रास्नोदारला. ती दर उन्हाळ्यात येऊन म्हणायची, आई, दगड आपल्या इथल्या दफनभूमीत बाबांशेजारी लाव, बसायला जागा तरी होईल. अरुस्याकचं उत्तर ठरलेलं. "खाली कोण आहे? कुणी नाही. रिकाम्या मातीवर माझ्या मुलाचं नाव लावू?"

एका उन्हाळ्यात ह्रानुशचा नवरा जेवणाच्या टेबलावर बोलता बोलता म्हणाला की त्यांच्या बाजारात टरबूज विकणारा एक जण आमच्या जुन्या गावातला निघाला. म्हणजे आता त्यांच्या गावातला. बायरामला ओळखत होता.

अरुस्याकच्या हातात पाव होता. तो तसाच राहिला.

"काय म्हणाला?"

"बायराम गेला म्हणे. बरीच वर्षं झाली. मुलं बाकूला असतात. घर बंद आहे."

"आणि अक्रोड?"

जावई बिचारा गोंधळला. "कुठला अक्रोड?"

तो पुढच्या खेपेला विचारायला गेला तर टरबूजवाला दुसऱ्या शहरात गेला होता. अरुस्याक त्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्याने जाताना कुणाला तरी सांगितलं असेल. तो सांगणारा माणूस होता." मी मातीबद्दल थोडंफार शिकले आहे. राखणारा नसलेला ढीग किती पावसाळे टिकतो, हे मला पाठ आहे. पण तिने पुढच्या ईस्टरला थर्मास भरलाच. भांडण मात्र केलं नाही. चहा ओतला. मग म्हणाली, "तुझा मुलगा तुझ्याकडे आलाय, सनम. आता विचारायला सोपं आहे."

मग दोन हजार वीसच्या शरदात अझरबैजानशी युद्ध झालं. आमच्या गावातून जी मुलं गेली त्यांत हमोचा आर्ताक होता, एकुलता एक. हमो म्हणजे हमाझास्प, गावात चालू असलेल्या एकमेव ट्रॅक्टरचा मालक. आर्ताक बंद पेटीत परत आला. चाळिसावा दिवस झाल्यावर हमो घण घेऊन वरच्या कबरस्तानात गेला. भरदिवसा. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. कुणी घराबाहेर पडलं नाही. मीही नाही. त्या माणसाला काय सांगणार?

अरुस्याक गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी टेकत. पोचली तेव्हा तो फोडून दमून बसला होता, बरेच दगड पडले होते, सनमचाही. अरुस्याकने तुकड्यांतून सनमचा फोटो शोधला. चिनीमातीवर भाजलेला असतो तो, पैशाला पासरी मिळणारा, पण फुटला नव्हता. तो रुमालात बांधून ती खाली आली.

हिवाळाभर फोटो तिच्या खिडकीत होता, मिठाच्या बरणीशेजारी. बर्फ वितळल्यावर ती हमोच्या दारात गेली. मी सोबत होते, कारण रस्ता निसरडा होता.

"हमो, ट्रॅक्टर लागेल."

"कशाला, आत्या?"

"सेद्राकचा दगड हलवायचाय."

त्याला बरं वाटलं असावं. सगळ्या गावाला वाटलं असतं, की म्हातारीने शेवटी मनाला समजावलं. त्याने दगड ट्रॉलीत चढवला. गोठ्याच्या भिंतीवर मागे कोरडा चौकोन राहिला. दोन वाटा फुटतात तिथे त्याने ट्रॅक्टर उजवीकडे, आमच्या दफनभूमीकडे वळवला.

"डावीकडे," अरुस्याक म्हणाली.

त्याने इंजिन बंद केलं.

"आत्या, तिकडे मी जाणार नाही."

"एकदा गेलायस की. वाट माहीत आहे."

"माझा आर्ताक—"

"आर्ताकला मी माझ्या दारात दूध पाजलंय, मला सांगू नकोस." ती ट्रॉलीत दगडावर बसली होती, वरूनच बोलत होती. "त्याला दगड आहे. तू रोज जाऊन त्याच्यापाशी बसतोस. मी एवढी वर्षं कुठे बसले? नुसत्या मातीचं काय होतं ते मला विचार. ती बाई आता नुसती माती आहे."

हमोने सिगारेट पेटवली. ती संपली. दुसरी पेटवली. मला थंडी वाजत होती आणि मी हे बोलूनही दाखवलं. मग त्याने ट्रॅक्टर चालू केला आणि डावीकडे वळवला.

खड्डा त्याने खणला. दगड उभा केला, मग आम्ही दोघींनी तो सरळ आहे का ते पाहिलं. कोरी बाजू कबरीकडे ठेवली आणि तिच्यावर सिमेंटने सनमचा फोटो बसवला, खाली पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं. सेद्राकचं नाव तीस वर्षांनी भिंतीतून बाहेर आलं. ते बाहेरच्या अंगाला आहे, दरीकडे तोंड करून. हमोने त्या दिवशी ना हे नाव वाचलं ना ते. हत्यारं ट्रॉलीत टाकली आणि गेला. त्यानंतर तो अरुस्याकशी बोलला नाही. वर्षभरात ट्रॅक्टर विकून रशियाला गेला.

परत येताना मी तिला विचारलं, "आणि अक्रोडाखालच्याला काय लावणार?"

"त्याला आता काही लागत नाही," ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदा म्हटलं. घरी येऊन ती निजली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. गायीची धार मी काढली.

अरुस्याक या जानेवारीत गेली. अवागशेजारी पुरली. ह्रानुशने दगड सांगून ठेवला, पैसे दिले, आणि म्हणाली, वर्ष झालं की येऊन उभा करीन. मी म्हटलं, आत्ता उभा कर. ती म्हणाली, मावशी, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक आहेतच किती? आणि पुढच्या जानेवारीत तू येशील, मी असेन, हे गाव असेल, ही सीमा इथेच असेल, असं मला लिहून दे.

मेमध्ये जवळच्या स्तेपानावान शहरातल्या कारागिराने गाडीतून दगड आणला आणि रोवला. माती नीट बसलेली नाही, तो थोडा डावीकडे कललाय. कलू दे.

त्याआधी ईस्टरला थर्मास घेऊन वर गेले होते. गुडघे दुखतात, दोनदा बसावं लागलं. साखर दोन चमचे. सनमच्या नावाचा रंग उडाला होता, तो पुन्हा भरला. सेद्राकचं नाव कोरलेलं आहे, त्याला काही करावं लागत नाही. अझरीत काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला सुचलं नाही. एवढंच म्हटलं, ती आता येणार नाही, आणि चहा ओतला.