पाठीवर चित्र असलेले पत्ते

साखरखेर्ड्याजवळच्या एका वस्तीशाळेत स्नेहलताबाईंच्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. तिसरीतली पूनम त्यांना तिथेच भेटली. पोरगी धडा असा खणखणीत म्हणायची, जणू समोर भरलेला मांडव आहे! एक दिवस वाऱ्याने पुस्तकाचं पान उलटलं, तरी पूनमचं वाचन आधीच्याच पानावर सुरू राहिलं. बाईंनी सुटी अक्षरं विचारून पाहिली. पोरीला अक्षर एकही येत नव्हतं. सगळं पाठ होतं.

बाईंनी जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरांचे पत्ते केले. रोज प्रार्थनेनंतर पाच पत्ते पिसायचे, एकेक दाखवायचा, चुकला की परत गड्डीत. तीन दिवस बिनचूक आले की मगच सहावा.

पूनमची आजी शालूबाई दारातून हटकायची, "रोज तेच ते काऊन हो बाई? पोरीचा पोपट करून राह्यल्या का?"

"पोपट तर ती होतीच, शालूबाई. म्हणून तर पत्ते पिसते."

दिवाळीपर्यंत अठरा अक्षरं झाली आणि बाई निवृत्त झाल्या. मागे एकटे गुरुजी, चार वर्ग. खंड पडला की पूनम विसरायची. गणपतीच्या सुट्टीतच चार अक्षरं गेली होती. बाईंनी सगळ्या अक्षरांचे पत्ते शालूबाईच्या ओटीत टाकले.

"मले काय समजते, बरोबर का चूक?"

मग बाईंनी दोन दिवस बसून प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर चित्र काढलं. 'क'च्या मागे कमळ. "पूनमने सांगितलं, की उलटून पाहा."

पौषात दोघी बाजारात भेटल्या.

"पूनम काय म्हणते?"

"गेली मायबापासंग ऊसतोडीले. लहान्याले सांभाळाले कोणी पायजे ना तिथं."

"आणि पत्ते?"

शालूबाईने पिशवीतून गड्डी काढली. "फडावर हरपले असते, बाई. अन् तिथं उलटून पाह्याले टाइम कोणाले हाये?"

पत्त्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या. बाईंनी त्यांवरून बोट फिरवलं, तशी म्हातारी लाजली. "मीच मांडते रोज. मले एकवीस येतात."

पोरगी परतायला चैत्र उजाडणार. अठरांतली तेव्हा किती उरतील? बाईंनी मधलाच एक पत्ता ओढून समोर धरला.

"ग," शालूबाई म्हणाली, आणि सवयीने पत्ता उलटून पाहिला. मागे गवत होतं. बरोबर होतं.

बाईंनी गड्डी पिसली आणि पुढचा पत्ता समोर धरला.