कुंदाताईंचा आवाज

माइकपुढे बसण्याआधी कुंदाताई चपला काढून ठेवायच्या. कर्वेनगरच्या आमच्या स्टुडिओतला एसी इतका कडक, की उन्हाळ्यातही लोक स्वेटर घालून बसत, आणि या बाई गार फरशीवर अनवाणी. मला वाटलं, देवभोळ्या असाव्यात. विचारलं तर म्हणाल्या, "देवबिव काही नाही. पायात काही असलं की मला खो-खो कळत नाही."

आमचं एक मराठी ॲप आहे. वर्गणी भरायची आणि मालिका, नाटकं, शिवाय कबड्डी आणि खो-खोचे सामने थेट बघायचे. मी नाटकातून आलेला. आवाज बरा, खेळातलं ज्ञान यथातथा. म्हणून धावत्या वर्णनाला माझ्या जोडीला कुंदाताईंना आणलं. साठी उलटलेल्या, एके काळच्या नावाजलेल्या खेळाडू. नंतर त्यांनी कितीतरी वर्षं एका क्लबात मुलींना शिकवलं होतं.

पहिल्याच सामन्यात मी रंगात येऊन "अप्रतिम! केवळ अप्रतिम!" असं ओरडलो. ताईंनी माइक हातानं झाकला आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, ती पडलीय." सामना संपल्यावर उपदेशही केला. "अप्रतिम हा शब्द श्रीखंडासाठी ठेवा. लोकांना डोळे आहेत. त्यांना जे दिसत नाही, तेवढंच आपण सांगायचं."

लोकांना हे भलतंच आवडलं. ताई नसल्या तर सामना बघणार नाही, असं प्रेक्षक लिहू लागले. ताईंनाही ते आवडत होतं. त्या दर सामन्याला ठेवणीतली साडी नेसून येत. मी एकदा म्हटलं, "ताई, आपला फक्त आवाज जातो. साडी कुणाला दिसणार?" "मला दिसते ना," त्या म्हणाल्या.

दोष एकच. सामना रंगला की त्या खुर्चीत राहत नसत. टेबलावर हात आपटत, अर्ध्या उभ्या राहत, चाळीस वर्षांपूर्वीच्या मैदानावर जात. आणि स्वतःच्या शिकवणीचा त्यांना फार अभिमान होता. खो देताना पाठीवर हात पडला पाहिजे आणि आवाजही आला पाहिजे, असा नियम. "पण मी माझ्या मुलींना सांगते," त्या रंगवून सांगत, "हाताची वाट बघत बसाल, तर समोरची सिंहगड चढून उतरेल. आवाजावर उठा! पंचांना एवढं कुठं दिसतंय?" आम्ही हसायचो.

त्या स्पर्धेचा उपान्त्य सामना एका कॉलेजच्या मैदानावर होता. आमचा मांडव मैदानाला अगदी लागून. मैदानावर पुकारा करणारा माणूस आलाच नाही, तेव्हा आयोजकांनी आमचंच वर्णन स्पीकरवर सोडलं. ताईंचा जुना क्लब खेळत होता आणि त्यात पायल मेश्राम होती. वडील नागपूरकडचे, वाघोलीजवळ कारखान्यात कामाला. ताईंनी क्लब सोडण्याआधी शिकवलेली ही शेवटची मुलगी. स्पर्धा संपल्यावर राज्याचा संघ निवडला जाणार होता, आणि निवड समिती समोरच बसली होती.

शेवटचे क्षण. एक गडी बाद केला की पायलचा संघ जिंकणार. पाठलाग करणारी मुलगी पायलच्या मागून पुढच्या मुलीकडे निघाली होती. तो खो पायललाच मिळावा, असं ताईंना वाटत होतं. त्या उभ्या राहिल्या आणि जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "खो!"

स्पीकरवरून तो आवाज मैदानभर गेला. गर्दीच्या आरड्याओरड्यात तो कुणाचा हे बाकी कुणाला कळलं नाही, पण पायलनं ओळखला आणि ती उठली. पाठीवर हात पडलेला नसताना उठली. शिट्टी वाजली, फाउल झाला, पळणारी मुलगी निसटली आणि वेळ संपली.

ताईंचा हात तोंडावर गेला. पायलचे प्रशिक्षक धावत आले आणि तिच्यावर खेकसले, "कुणी खो दिला तुला?" "सर, मले ऐकू आ..." एवढं बोलून तिनं आमच्या मांडवाकडे पाहिलं. ताई दिसल्या असाव्यात. तिनं मान खाली घातली. "नाही सर. मीच चुकून उठली."

ताई बोलायला म्हणून पुढे झाल्या, पण शब्द फुटला नाही. खाली बसल्या. पंचांनी निकाल जाहीर केला तेव्हा त्या नुसत्या माइककडे बघत होत्या.

संध्याकाळी ऑफिसात, ॲप चालवणाऱ्या आमच्या रोहनसरांनी क्लिप दाखवली. ताईंचा आवाज काढून टाकला होता. त्या जागी विनोदी संगीत, आणि कुणी हात न लावता एकटीच ताडकन उठणारी पायल, पुन्हा पुन्हा. लाखो लोक बघत होते, हसत होते.

"माझा आवाज कुठाय यात?" ताईंनी विचारलं.

"काढला ना ताई. तुमचं नाव खराब व्हायला नको. शिवाय स्पीकरचं बाहेर आलं तर आयोजक पुढची टूर्नामेंट देणार नाहीत आपल्याला. आणि नंबर्स बघा ना!"

"म्हणजे माझी लाज झाकायला त्या पोरीची चव्हाट्यावर मांडलीत."

रोहनसरांनी खांदे उडवले. ही क्लिप काढा, असं मी म्हणालो, तर "तू नाटकवाला आहेस, तुला कंटेंट कळत नाही," असं उत्तर आलं. ज्या घरचं मीठ खातो, त्या घराची इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. आदल्या दिवशी हरलेले संघही निवडीसाठी आले होते. पायल कडेला मैत्रिणींबरोबर बसली होती आणि मागून कॉलेजची टवाळ पोरं ओरडत होती, "खो! ए, खो! ऊठ ना!" ती ताठ बसून राहिली होती. ताई ते बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि मी नमस्कार म्हणण्याआधीच माइक ओढून घेतला.

"काल पायल मेश्राम आपली आपण उठली नाही. तो खो मी ओरडले, याच स्पीकरवरून. आवाजावर उठायचं तिला मीच शिकवलंय, नियमाविरुद्ध. मला वाचवायला ती खोटं बोलली आणि मी मोठी बाई असून गप्प बसले. हसायचं असेल तर मला हसा."

माझ्या कानात रोहनसर ओरडत होते, "विषय बदल! काहीतरी बोल!" मी कानातला इयरफोन काढून ठेवला. ॲपवर सगळं अर्ध्या मिनिटानं उशिरा दिसतं. तेवढ्यात त्यांनी मालिकेची जाहिरात घुसवली. घरी बसलेल्यांना ताईंचा एक शब्द ऐकू गेला नाही. मैदानाला मात्र सगळं ऐकू गेलं आणि ती पोरं गप्प झाली. ताईंनी त्या सामन्याचं वर्णन केलं नाही, नंतरच्याही कुठल्या केलं नाही.

पायल राज्याच्या संघात निवडली गेली. नाव पुकारल्यावर ती मांडवात पळत आली आणि ताईंच्या पाया पडली. "जाऊ द्या ना ताई. मले राग नाही आला." ताईंनी पाय मागे घेतले.

पुढं काही महिन्यांनी मी त्यांच्या क्लबावर गेलो. त्या पुन्हा शिकवायला लागल्या होत्या. पाठीवर हात पडल्याशिवाय एकही मुलगी उठत नव्हती, आणि ताई कडेला तोंड मिटून उभ्या होत्या. मी म्हटलं, "ताई, आता तरी मनातून काढा. पायलनं तर केव्हाच माफ केलं."

"लगेच केलं. त्याचीच तर लाज वाटते," त्या म्हणाल्या. "तिनं भांडायला हवं होतं माझ्याशी. माझा आवाज आला की उठायचं, का ते विचारायचं नाही, हेच शिकवलं मी तिला. मग चूक माझी असली तरी ती पोटात घालणारच ना ती?"

मग त्यांनीच विचारलं, "ती क्लिप काढली का हो तुमच्या लोकांनी?"

"नाही अजून."

"आणि आपण तिथंच आहात?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. "मग इथं मला समजावायला कशाला आलात?"