सात हातांवरून

निपाणीच्या एका तंबाखू वखारीत वजनकाट्यावर बसणाऱ्या पारिसा चौगुले यांनी सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला, तो धाकट्या बहिणीच्या फोटोसाठी. ब्राह्मीने अकरा वर्षांपूर्वी आर्यिका दीक्षा घेतली, जैन साध्वी झाली. त्या दिवशी जुनं नाव गेलं आणि नातीही सुटली. घरातलेही तिला आता माताजीच म्हणतात. पारिसांकडे तिचे दोनच फोटो आहेत. एक दहावीचा, दुसरा दीक्षेच्या मिरवणुकीतला. त्यात कुणाची तरी छत्री अर्ध्या चेहऱ्यावर आली आहे.

यंदा तिच्या संघाचा चातुर्मास चिकोडीजवळच्या एका गावात आहे. पारिसा दर रविवारी स्कूटरवरून प्रवचनाला जातात आणि पुरुषांच्या बाजूला मागे बसतात. मोबाईलवर काढलेल्या फोटोत व्यासपीठावर नुसते पांढरे ठिपके दिसतात. त्यातला डावीकडून तिसरा ठिपका ब्राह्मी.

म्हणून ते बेळगावात वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या सौरवच्या दुकानात गेले.

"काय काढणार अण्णा? लगीन, का पाखरं?"

"प्रवचन."

"फ्लॅश चालतोय?"

"न्हाय."

"मग लई अवघड काम घेतलासा."

कॅमेऱ्याची बॉडी लगेच ठरली. रबर सुटलेली, पण आतून धड. तिचा चामड्याचा पट्टा पारिसांनी काढून काउंटरवर ठेवला. कातड्याची वस्तू मंडपात नेता आली नसती. सौरवने कापडी शोधून दिला. लेन्स मात्र एकच परवडणार होती. झूम लांबचं जवळ आणायची, पण तिला उजेड जास्त लागायचा. पन्नास मिलिमीटरची लेन्स कमी उजेडात चालायची, पण जवळ जायचं तर आपणच चालत जायचं. पारिसांनी झूम मागितली. "एक रविवार वापरून बघा, मग पैसे द्या," सौरव म्हणाला.

त्या रविवारचे बहुतेक फोटो हलले. जे नीट आले, त्यांत माताजींची नजर समोरच्या ग्रंथावर होती.

पारिसांची पत्नी निशा फोटो बघून म्हणाली, "लांबनं बघायला डोळं हायत की. कॅमेरा कशाला?"

"त्यांनी वर बघायला पायजे."

"मग फुडं जावा. मागं बसून कोण बघतंय तुमाला?"

पुढच्या आठवड्यात पारिसा झूम घेऊन परत दुकानात उभे राहिले.

"बिघडली व्हय?" सौरवने विचारलं.

"न्हाय. जवळनं काढायचा म्हटला तर?"

"किती जवळनं?"

"सात हात." वंदनेला पुरुषांनी एवढं अंतर ठेवायचं, हे त्यांनी समजावून सांगितलं.

सौरवने फरशीवर सात हात मोजले आणि दुसऱ्या टोकाला स्टुलावर जाऊन बसला. "काढा माझा. माताजी समजू नका, दाढी हाय मला."

पन्नासच्या लेन्समध्ये सौरव कमरेपासून वर नेमका बसला. पापण्यासुद्धा दिसत होत्या. पारिसांनी तीच घेतली.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी संघाची परवानगी काढली आणि प्रवचन संपल्यावर वंदनेच्या रांगेत उभे राहिले. पाळी आली तेव्हा "वंदामि" म्हणून गुडघे टेकले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. माताजींनी मान वर केली, आशीर्वादाचा हात उचलला आणि सरळ लेन्सकडे पाहिलं. पारिसांनी एकदाच बटण दाबलं. कॅमेरा खाली घेतला तेव्हा माताजी रांगेतल्या मागच्या बाईंकडे वळल्या होत्या.

फोटो उत्तम आहे. निशाने तो बराच वेळ पाहिला.

"तुमाला वळखलं का त्यांनी?"

"माझं तोंड कॅमेऱ्याच्या मागं हुतं," पारिसा म्हणाले आणि त्यांनी फोटो आणखी मोठा केला.