सातव्या नळीचा शेरा

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फबाई म्हणत. बाजारातल्या गायीच्या दुधात पेप्टाइड किती, हे मोजायचं तिचं काम. पेप्टाइड म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे. त्यातले काही रक्तदाब उतरवतात, असं साहेबांचं म्हणणं. पिशवी फोडली की दुधाची नळी लगेच बर्फात जायला हवी, नाहीतर दूध आपलीच प्रथिनं तोडत बसतं आणि आकडा उगाच फुगतो. वीस वर्षांत तिची एकही नळी बाहेर राहिली नव्हती. दुधाने पोळलेले ताक फुंकून पितात; ही बाई न पोळताच फुंकणारी. नळीला उशीर झाला तर कारण लिहायचा रकानाही नोंदवहीत तिनेच आखलेला. हाताखालच्या पोरींनी ‘घाईत होते’ लिहिलं, तर ‘खरं कारण लिहा’ म्हणून वही परत करायची.

त्या मंगळवारी तिने बारापैकी सातवी पिशवी फोडली, नळी भरली आणि फोन वाजला. धाकटा भाऊ होता.

"ताई, आई गेली गं. तू ये."

"हो," ती म्हणाली आणि घड्याळाकडे बघत उभी राहिली. अकरा दहा. मग बारा पाच. रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तिने नळी बर्फात ठेवली, उरलेल्या पाच पिशव्या उरकल्या, ‘घरी काम आहे’ सांगितलं आणि गेली.

आठवड्याने परतली, तर साहेबांना आभाळ ठेंगणं झालेलं.

"झालं का घरचं काम?"

"झालं."

"अहो, सात नंबर बघा! तिप्पट! दहा वर्षं वाट बघतोय मी या आकड्याची. उद्याच अहवाल पाठवतो."

गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. तिने नोंदवही ओढली. ‘सात नंबर बाद. पंचावन्न मिनिटं बाहेर.’ कारणाच्या रकान्यात पेन अडलं. ते दोन शब्द तिने अजून स्वतः कुणाला सांगितले नव्हते. घरी सगळं भावानेच सांगितलं होतं.

‘आई गेली.’

साहेबांनी वाचलं. अहवालाचे कागद हळूच बाजूला सारले.

"बाई... आणि त्यानंतर तुम्ही आणखी पाच नळ्या भरल्या?"

"त्या सगळ्या वेळेत गेल्या बर्फात," ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.