स्कूटरवरचा 'मृत्यू'

परवा दुपारी आमच्या घरी, इथे जबलपूरला जे झालं, ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये...

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही विजय नगरला राहायला आलो. मी रिकामपणाचा उद्योग म्हणून भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरची चित्रं नव्याने काढायला घेतली. जुने राजे-राण्या घालवून इथलीच माणसं आणायची, असा सगळा थाट! रस्त्यात कुणी आवडलं की मोबाइलवर फोटो, आणि घरी येऊन टॅबवर चित्र.

'मृत्यू'च्या पत्त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा असतो. मी ओमतीच्या सिग्नलला टिपलेला एक स्कूटरवाला घेतला... हेल्मेटची काच खाली, चेहरा दिसतच नाही. स्वतःवरच जाम खूश होते मी.

शेजारच्या काकू चहाला आल्या, तेव्हा मिरवायला म्हणून त्यांना दाखवला. कप हातातच राहिला त्यांच्या. "हा स्वेटर तू काहून असा काढला?"

चित्रातल्या स्कूटरवाल्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता, त्याची एक बाही कोपरापासून हिरवी. "लोकर संपली म्हणून मी हिरवी लावली होती. अमोलचा आहे हा."

अमोल, नाव बदललंय, त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी भांडून स्कूटरवरून गेला, त्याचा आजवर पत्ता नाही. मला हे तेव्हाच कळलं... मी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं.

मी घाईघाईने मूळ फोटो उघडला. त्या माणसाच्या अंगात निळा रेनकोट होता. स्वेटर मी मनानेच काढला होता, कुठून सुचला ते देवाशप्पथ सांगता येत नाही.

"काकू, नुसतं चित्र आहे हो हे..." मी म्हटलं.

पत्त्यावर खाली मोठ्या अक्षरांत 'मृत्यू' लिहिलेलं. ते वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "काच वर कर बेटा. तोंड दाखव मला."

नाही म्हणायची हिंमतच झाली नाही. चित्रातली काच पुसून टाकली, कपाळ काढलं, एक भुवई काढली, दुसरी काढली... आणि काकूंनी माझं मनगट गच्च धरलं.

"बस, बेटा. नको दाखवू. येईल तो घरी."

चहा तसाच टाकून त्या गेल्या. मी ते चित्र लगेच डिलीट केलं.

काकू, तुम्ही फेसबुकवर नाही, पण मला वेळेवर थांबवलंत, तुमचे उपकार मानते... भुवयांनंतर डोळे कसे काढायचे, याचा मी विचारच करत नव्हते. हात आपला आपणच चालला होता.